अर्धा कप

सुमाने आज चहा अर्धाच कप ओतला. माझ्याही कपात आणि तिच्याही.

सुमा माझी जुळी बहीण. एकाच बीजाच्या आम्ही दोघी. जुन्या फोटोत कोण कुठली ते आमचं आम्हालाही ओळखू येत नाही. आईचे हात चाळिशीनंतर आपोआप हलू लागले. सांडू नये म्हणून आम्ही तिला अर्धाच कप द्यायचो. ते दुखणं आमच्यातही उतरलंय का, हे आता रक्त तपासून कळतं. सुमाला जाणून घ्यायचं होतं, मला नव्हतं.

"तुझा रिपोर्ट म्हणजे माझाच गं," मी म्हटलं होतं.

"एक शब्द बोलणार नाही," ती म्हणाली. रिपोर्ट आल्यावर बोललीही नाही.

डॉक्टरांनी संमती तिची एकटीचीच घेतली. रक्त तिचं, तपासणी तिची, नियमात सगळं बसलं. माझं न कळणं मात्र तिनेच सांभाळायचं राहिलं. जीभ आवरता येते, पण चहा ओतणारा हात कसा आवरायचा?

पातेल्यात चहा पुष्कळ होता.

"अजून घाल ना," मी म्हटलं.

"आधी तेवढा संपव."

मी नकळत कप दोन्ही हातांनी धरला. वर पाहिलं, तर सुमानेही तसाच धरला होता.