कोळशाच्या रेघा आणि दस्तगीरभाईंचा खांदा

दस्तगीरभाईंच्या घरातल्या भिंतीवर कोळशाच्या रेघा थेट दाराच्या चौकटीएवढ्या उंच गेल्या होत्या. त्यांचा हात मात्र छातीच्या वर जात नव्हता.

मी तेव्हा लोणावळ्याला रेल्वे दवाखान्यात ड्रेसर होतो. ड्रेसर म्हणजे पट्ट्या बांधणारा. पण हाड जुळल्यावर आखडलेला सांधा मोकळा करायचं कामही माझ्याचकडे असे, आणि ते मला चांगलं येत होतं.

दस्तगीरभाई पॉइंट्समन, लिव्हर ओढून गाडीचा रूळ बदलणारे. गळ्याजवळचं हाड मोडलं, जुळलंही. पण भीतीपोटी हात तीन महिने झोळीतच ठेवला. रेल्वेच्या साहेबांनी महिन्याची मुदत दिली होती. लिव्हर ओढता आला नाही तर नोकरी गेली. मी सांगितलं होतं, रोज गरम पाण्याने शेका, मग बोटांनी भिंत चढा, पोचाल तिथे रेघ मारा. पंधरा दिवसांत फरक दिसेना, म्हणून आंबी गावात त्यांच्या घरीच गेलो.

"या रेघा कुणी मारल्या?"

दस्तगीरभाई बायकोकडे बघायला लागले.

"म्या मारल्या," जैबुनबी म्हणाल्या. "रेघ वर गेली की त्यास्नी हुरूप येतो. हात लय दुखतो वो, भाऊ."

मला रागही आला आणि हसूही. घास भरवण्यापासून सदऱ्याच्या गुंड्यांपर्यंत सगळं ती बाई करत होती. खांद्याला काम उरलंच नव्हतं.

कोपऱ्यात जातं होतं. "समोरासमोर बसा," मी म्हणालो. "दोघांनी एकच खुंटा धरा. त्या फिरवतील, तुमचा हात बरोबर जाईल."

"बायांचं काम आन् मी करू? गाव काय म्हणंल?"

"मग लिव्हर ओढायला यांना पाठवू का?"

ते उठून जात्यासमोर बसले. जैबुनबींनी दार लोटलं आणि मूठभर नाचणी घातली.

दुखरा हात आपणहून हलत नसेल तर दुसऱ्याच्या जोराने हलवायचा. सोसेल तेवढाच, हिसका न देता. आधी शेक, मग वीस फेरे. रेघ मात्र ज्याचा खांदा त्यानेच मारायची, अशी तंबी दिली. खऱ्या रेघा छातीजवळून सुरू झाल्या, पण चढत गेल्या.

मुदतीच्या दिवशी साहेबांसमोर त्यांनी लिव्हर तीनदा ओढला. मला खात्री होती. तरी श्वास रोखला होता, हे कबूल करतो.

काही दिवसांनी जैबुनबी दवाखान्यात आल्या. "भाऊ, हात बरा झाला आन् त्यांनी जातं सोडलं. समदं दळण पुन्हा माझ्या एकलीवर."

मी कागदावर लिहून दिलं: आठवड्यातून दोनदा जातं, कायम. खांद्याला त्याची काही गरज नव्हती. पण दुखणेकऱ्याची सेवा करताना घरातलं दुसरं कोण दमतंय, तेही ड्रेसरने बघावं.