काकूच्या कोंबड्यांचा वंशसंहार

वंशसंहार हा शब्द कोणी उगाच वापरला की माझं डोकं फिरतं. मी तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते. आमच्या कॉलेजचा निकाल पडला तेव्हा स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, "हा तर वंशसंहार झाला." त्यांचा चहा संपेपर्यंत मी त्यांना सोडलं नाही. माणसं खूप मेली म्हणून वंशसंहार होत नाही, प्रत्येक युद्ध म्हणजे वंशसंहार नाही, आणि नापास झालेली पोरं तर नाहीच नाही. हे लोक या गटाचे आहेत म्हणूनच यांना मिटवायचं, असा हेतू लागतो. ज्यांच्यावर ते खरंच गुदरलं त्यांच्यासाठी तो शब्द जपून ठेवावा, एवढंच माझं म्हणणं. सर तेव्हापासून दुसऱ्या टेबलावर बसतात.

गेल्या उन्हाळ्यात सेट परीक्षेचा अभ्यास करायला मी गावी आले. सिद्धेश्वरच्या कालव्याला लागून आमचं गाव. शेजारी काकू, म्हणजे माझी धाकटी चुलती, एकटीच राहते. मधे एक भिंत. आई आणि काकू सख्ख्या जावा असूनही त्यांचं पटतं, हे गावात नवल म्हणून सांगतात. पण मी आले तेव्हा दोघींचं बोलणं बंद होतं. काकूच्या कोंबड्यांनी आईच्या वाळत घातलेल्या कुरडया फस्त केल्या आणि आईनं तोंड सोडलं, एवढं मला कळलं. आई रोज सकाळी दोघींचा चहा टाकायची आणि दोन्ही कप स्वतःच प्यायची. पित्त वाढलं तिचं. मला ते बघवत नव्हतं, पण माझा अभ्यास होता.

मोठ्यानं म्हटल्याशिवाय मला काही पाठ होत नाही. स्लॅबवर येरझाऱ्या घालत मी संयुक्त राष्ट्रांच्या वंशसंहारविरोधी करारातली पाच कृत्यं ओरडून घोकायचे. गटातल्या लोकांना ठार मारणं. त्यांना गंभीर शारीरिक किंवा मानसिक इजा करणं. ते नष्ट होतील अशी जगण्याची परिस्थिती लादणं. गटात जन्म होऊ नयेत असे उपाय करणं. गटातली लेकरं जबरदस्तीनं दुसऱ्या गटात नेणं. मधूनमधून आई अंड्याची पोळी आणून द्यायची. अंडी डोक्याला चांगली असतात, म्हणायची.

आठवड्यानं काकूनं मला तिच्या ओट्यावर बोलावलं.

"पोरी, तू वरून वरडून राहिली ते समदं ऐकलं मी. त्यातलं चौथं, जल्मच होऊ द्यायचे न्हाईत ते, माह्या कोंबड्यायवर झालंय."

आमच्याकडं एकीची कोंबडी खुडूक झाली, उबवायला बसली की दुसरी आपली अंडी तिच्याखाली बसवायला देते. पिल्लं अर्धी अर्धी. अंडी विषम लागतात, समसंख्येची फळत नाहीत. भांडणाच्या आदल्याच दिवशी काकूनं अकरा अंडी आईकडं दिली होती. नंतर आईनं कोणाच्या तरी तोंडी निरोप धाडला, की अंडी खराब निघाली.

"काकू, करारात राष्ट्र, वंश, वर्ण किंवा धर्म यांवरून ठरलेला माणसांचा गट लागतो. कोंबड्या बसत नाहीत त्यात."

"काहून? गावरान हायेत. कंपनीच्या न्हाईत."

मी माणसं, माणसं म्हणत राहिले.

"आन् पाचवं? माह्या कोंबडीची लेकरं तुह्या मायच्या कोंबडीखाली गेली."

"ती तूच दिलीस. जबरदस्ती कुठंय?"

"बराबर," काकू म्हणाली. "पाचवं सोड."

मला बरं वाटलं. म्हटलं, इतकं नीट ऐकणारा एक तरी विद्यार्थी वर्गात हवा होता. मला जोर चढला. "आणि मुख्य म्हणजे हेतू सिद्ध करावा लागतो. सगळ्यात अवघड तेच. अंडी आपोआप नासली तर आईचा काय दोष?"

"अकराच्या अकरा?"

म्हटलं, एकदाचं आईला विचारून येते. आई चुलीपाशी होती.

"खराब कायची निघतेत," आई म्हणाली. "बसवलीच न्हाईत मी, राग आला व्हता. तू खाल्लीस की."

म्हणजे मी आठवडाभर चौथं कलम घोकत होते आणि चौथं कलमच खात होते. एवढंसं तोंड करून मी परत ओट्यावर गेले.

"काकू, अंडी मी खाल्ली. पण मला ठाऊक नव्हतं, म्हणजे माझा हेतू नव्हता."

"अंड्यायला चुलीत घाल," काकू म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली गेला. "कुरडया कोंबड्यायनं खाल्ल्या न? मंग शिव्या कोंबड्यायला द्यायच्या. तुह्या मायनं गल्लीसमोर माह्याकडं पाहून म्हनलं, तुझा निर्वंश होईल म्हनून."

काकूला मूलबाळ नाही. काका गेले त्यालाही बरीच वर्षं झाली. मला पाचही कलमं पाठ होती आणि एवढं साधं विचारायचं सुचलं नव्हतं. लाज वाटली, दुसरं काही नाही.

आई माझ्या मागोमाग आली होती, हे मला तेव्हा दिसलं. ती माफी मागणाऱ्यातली नाही. ती काकूच्या ओट्याला टेकून उभी राहिली.

"कसा होईल निर्वंश तुझा," आई म्हणाली. "ही काय माझ्या एकटीची हाय? मी शेतात जायची तवा दिवसदिवस खांद्यावर कोन घेऊन फिरत व्हतं हिला?"

काकू पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "बाई, ते वाईट बोलनं तुमी गल्लीसमोर बोलल्या. हे इथं हळूच बोलून राहिल्या."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मग माझं मनगट धरलं आणि ओढत गल्लीच्या मधोमध नेलं. एम.ए. झालेली, चष्मा लावलेली मी, पायात चप्पल नाही. समोरच्या ओट्यावर शेजारीण तूर निवडत होती. तिच्या शेजारी दोघी-तिघी होत्या.

"ऐका गं," आई घसा ताणून म्हणाली, "ही पोरगी आमच्या दोघींची हाय."

शेजारणीनं सुपातून मान वर केली.

"ते तर समद्या गावाला ठाऊक हाय," ती म्हणाली. "आज काहून वरडून राहिली?"