भिंगावरचे पडदे

जुन्या दीपगृहाला आता जहाजं विचारत नाहीत, पाहुणेच विचारतात. समुद्रावर उजेड टाकायचं काम पलीकडच्या टेकडीवरचा नवा खांब आपोआप करतो. जुन्याच्या पायथ्याशी मात्र बत्तीकाका अजून खुर्ची टाकून बसतात. ते इथले शेवटचे दिवा सांभाळणारे. निवृत्तीनंतरही बंदर कार्यालयानं किल्ली त्यांच्याकडेच ठेवली, कारण त्या एकशे बहात्तर पायऱ्या आणि वरचं ते माणसाएवढं उंच भिंग त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. "ही किल्ली गेली की मी संपलो," असं ते उघड म्हणत. "आणि माझं काय?" बायको विचारी. "तुला कोण परत मागायला येणार आहे?" ते म्हणत.

त्या दिवशी एक बाई आल्या. गावोगावची जुनी दीपगृहं बघत हिंडायचं आणि वहीत प्रत्येक ठिकाणचा शिक्का घ्यायचा, हा त्यांचा नाद. "हे माझं एकतिसावं," त्या म्हणाल्या. असा पाहुणा म्हणजे काकांना पर्वणीच. नाहीतर येणारे निम्मे लोक अर्ध्या जिन्यात धापा टाकत "लिफ्ट नाही का?" असं विचारतात आणि काकांच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

वरच्या काचेच्या खोलीत त्यांनी पडदे बाजूला सारले आणि तोंडपाठ सुरू केलं. "बाई, हे भिंग रात्री आतला उजेड बाहेर फेकतं. दिवसा सगळं उलटं. बाहेरचं ऊन आत येऊन एका ठिपक्यावर गोळा होतं, आणि त्या ठिपक्यात लाकूड पेटतं. म्हणून दिवसभर पडदे बंद! माझ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी कान धरून शिकवलंय." बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मग दोघं गप्पा मारत खाली आले, काकांनी ऐटीत शिक्का मारला आणि घरी जाऊन, जेवून आडवे झाले.

तासाभरानं दार वाजलं. बाईंचा चष्मा वर राहिला होता. काकांनी बायकोला हाक मारली, तर उत्तर नाही. खुंटीवर किल्लीही नाही. "हिला नेमकं आत्ताच कुठं जायचं सुचलं!" असं पुटपुटत ते दीपगृहाशी गेले. कुलूप उघडं होतं. बाईंना खुर्चीवर बसवून ते चढू लागले.

वर बायको पडद्याची नाडी बांधत होती. एक हात कठड्याला, तोंडावर घाम, श्वास फुललेला. त्यांना बघून ती तशीच थबकली.

"तू इथं काय करतेस?"

"काही नाही. जरा वारा खायला आले."

"एकशे बहात्तर पायऱ्या चढून? घराच्या दारात वाऱ्याचा दुष्काळ पडलाय का?"

काकांचा आवाज चढला. "पडदे मी बंद केले होते. स्वतःच्या हातांनी. मला चांगलं आठवतंय."

आणि आठवत होतंच. कापड, नाडी, गाठ, सगळं. फक्त ते आजचं होतं की बत्तीस वर्षांतल्या कुठल्याशा दिवसाचं, हे काही केल्या सांगता येईना.

"अहो, बंद नव्हते," ती हळूच म्हणाली. "आज नव्हते. परवाही नव्हते."

"कधीपासून चाललंय हे?"

"चार महिने झाले. तुमचा डोळा लागला की येऊन बघून जाते."

"मी किती वेळा विसरलो?"

तिनं भिंतीलगतचं बाक ओढून बाजूला केलं. मागच्या लाकडी पट्टीवर तळहाताएवढा कोळसा झालेला. "पहिल्या दिवशी इथून धूर येत होता. बाटलीतलं पाणी ओतलं. तुम्हाला सांगितलं असतं तर हाय खाल्ली असतीत."

काका त्या बाकावर मटकन बसले. ओरडावं की रडावं कळेना, मग थोडं थोडं दोन्ही झालं. "अगं, आगीत एखादं माणूस गेलं असतं!"

"म्हणून तर येत होते ना!" तीही तडकली. "मला काय हौस आहे? रोज चढताना देव आठवतो!"

खाली गेल्यावर बाईंनी चष्मा घेत विचारलं, "काका, बरं नाही का?"

"जिना जरा वाढलाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघं बंदर कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी चहा मागवला. काकांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि सोडतो म्हणून सांगितलं.

"कारण काय लिहू? वय?"

"वय नको. विसरतो, असं लिहा." हा शब्द त्यांनी आजवर डॉक्टरकडेही काढला नव्हता.

साहेब हसले. "विसरत कोण नाही, काका? काल मी छत्री विसरलो. मोसम संपेपर्यंत तरी सांभाळा, आयत्या वेळी दुसरा माणूस कुठून आणू?" त्यांनी किल्ली परत काकांपुढे सरकवली.

काकांचा हात उचलला गेला. खरंच गेला. बायकोनं ते पाहिलं आणि घाईघाईनं म्हणाली, "घ्या ना. मी बघत जाईन की रोज. तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

काका तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी किल्ली उचलली, साहेबांच्या हातात ठेवली आणि वरून त्यांची मूठ दाबून धरली.

"लिहा, साहेब," ते म्हणाले. "मला आठवतंय तोवर लिहून घ्या."