पाटावरचा बुलडोझर

आमचे साडू एका जागी स्वस्थ बसलेले पाहिले, असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं मी कितीतरी वर्षं चारचौघांत ठणकावून सांगत असे. फोटोतसुद्धा ते हललेले आहेत. लग्नाच्या अल्बममध्ये माझी मेहुणी नथ सावरत छान बसली आहे आणि तिच्या शेजारी सूट घातलेला एक धूसर पट्टा आहे. तो पट्टा म्हणजे आमचे साडू. भटजींनी मंगलाष्टकं भराभर आवरली ती मुहूर्त टळू नये म्हणून नव्हे, नवरदेव अंतरपाटाच्या बाजूने निघून जाईल या धास्तीने, असं आमच्या सासऱ्यांचं शेवटपर्यंत मत होतं. जेवायला ते बसत नसत, जेवणाजवळून जात येत असत. मेहुणी पोळी हातात घेऊन ओट्याशी उभी राहायची आणि ते समोरून गेले की ताटात टाकायची.

मूळचे ते चंद्रपूरचे. जिथे मे महिन्यात डांबरी रस्त्यावर चप्पल चिकटते त्या गावचा हा माणूस नागपूरला इंजिनिअर झाला, अमेरिकेत आला आणि एवढी मोठी अमेरिका मोकळी पडलेली असताना थेट मिनेसोटाच्या उत्तर टोकाला जाऊन राहिला. तिथल्या एका कंत्राटदाराकडचे बुलडोझर, लोडर, खोदकामाची यंत्रं यांचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. गेल्याच, ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हिवाळ्यात तिकडे पारा उणे तीसच्या खाली उतरतो आणि वर यायचं नाव घेत नाही. शहाणी माणसं घरात बसतात. साडूंना अशा दिवसांत भरतं यायचं. 'यंत्राला थंडी वाजते' हे वाक्य ते इतक्या कळवळ्याने म्हणायचे, की ऐकणाऱ्याला आपल्याच अंगावरचा स्वेटर काढून द्यावासा वाटे.

त्या थंडीत डिझेल गोठतं. म्हणजे बर्फ होत नाही, त्यातलं मेण बाजूला होऊन सगळं दाटतं आणि इंजिनपर्यंत पोचतच नाही. हे आपल्या कामगारांना पटवून द्यायला साडूंनी घरातली खोबरेल तेलाची बाटली यार्डात नेली होती. पांढरं घट्ट झालेलं तेल सगळ्यांना दाखवून ते म्हणाले, "हे बघा, आमच्या आयांना हे लहानपणापासून माहीत आहे." अर्नी नावाचा एक धिप्पाड ऑपरेटर होता. त्याने त्या तेलाचा वास घेतला, थोडं दाढीला लावून पाहिलं आणि पुढचे सगळे हिवाळे तो साडूंकडून दाढीसाठी खोबरेल तेल नेत राहिला. मी त्याला पहिल्यांदा भेटलो तेव्हा मला क्षणभर पुण्यात माझ्या आजोळी आल्यासारखं वाटलं.

दुसरी भानगड चाकपट्ट्यांची, म्हणजे बुलडोझर ज्यांवर चालतो त्या लोखंडी साखळ्यांची. चिखलाने भरलेला बुलडोझर तसाच जमिनीवर उभा केला तर सकाळपर्यंत तो जमिनीला घट्ट चिकटतो, आणि जोर करून ओढला तर काहीतरी मोडतं. म्हणून संध्याकाळी तो जाड फळ्यांवर चढवून ठेवायचा, ही तिकडची सर्वांचीच रीत. पण त्या फळ्यांना 'पाट' म्हणणारे आमचे साडू एकटेच. आणि पाट म्हटला की पाटाचे नियम आले. हातपाय धुतल्याशिवाय पाटावर बसायचं नाही हा चंद्रपूरच्या घरचा शिरस्ता त्यांनी जसाच्या तसा यार्डात लागू केला. आधी पट्ट्यांमधला चिखल खरवडून काढायचा, मग यंत्र पाटावर. कामाची वेळ संपली की अर्नी आपल्या खर्जातल्या आवाजात विचारायचा, "इज शी ऑन द पाट?" आणि ती पाटावर बसली आहे अशी ग्वाही कुणीतरी दिल्याशिवाय साडू घरचा रस्ता धरत नसत.

घरी आले तरी यार्ड त्यांच्या मागोमाग यायचं. बॅटऱ्या थंडीत मान टाकतात म्हणून कामावर नसलेली यंत्रं बाहेर आणि त्यांच्या बॅटऱ्या घरात, पाहुण्यांच्या खोलीत, म्हणजे माझ्या उशाशी. मेहुणीने जुन्या साड्यांच्या शिवलेल्या गोधड्या इंजिनांवर घालायला केव्हाच गेल्या होत्या. एका लोडरवर तिची डोहाळजेवणाची हिरवी साडी मी स्वतः ओळखली. जवळच्या शहरातल्या मराठी मंडळींच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोघं गेली, तर साडूंनी दारातच सगळ्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या गोळा केल्या आणि कार्यक्रमभर आळीपाळीने प्रत्येकाची गाडी सुरू करत बाहेर फिरत राहिले. बायका लुटायचं वाण हातात घेऊन खिडकीशी उभ्या. निघायच्या वेळी सगळ्या गाड्या ऊबदार होत्या, फक्त कुठली किल्ली कुणाची हे साडूंच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

हे सगळं मी हसत सांगतो खरा, पण मेहुणीला हसू येईनासं झालं होतं. त्या गावात दुसरं मराठी घर नव्हतं. मुलगी कॉलेजात लांब गेलेली. यार्डातून कधीही बोलावता यावं म्हणून साडूंनी स्वयंपाकघरात मिक्सरच्या शेजारी एक वायरलेसचा संच बसवला होता आणि दिवसभर त्यातून कुणाचं तेल दाटलं, कुणाचा पाइप फुटला, हेच ऐकू यायचं. "भाऊजी," तिने मला फोनवर सांगितलं, "दिवसभर माझ्याशी बोलतं ते हे खोकं. परवा मी त्याला चहा घेणार का विचारलं. तुम्ही यांना काहीतरी सांगा." माझं घर न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला. आमच्या कंपनीत यंत्रसामग्री खात्यात एक चांगली जागा निघाली होती, काम ऑफिसात बसून, आसपास मराठी घरं, दर शनिवारी कुणाकडे तरी जेवण. मी साडूंचं नाव सुचवलं, कंपनीने होकार दिला आणि सोमवारपर्यंत उत्तर मागितलं. ते उत्तर 'हो' असंच आणायचं, असं मला माझ्या बायकोने बजावून मिनेसोटाला धाडलं. तेही जानेवारीत. मला थंडी मुळीच सोसत नाही, पुण्यात डिसेंबरात मी कानटोपी घालून झोपणाऱ्यांपैकी.

पण बोलायचं म्हणजे समोरचा माणूस एका जागी हवा. सकाळी मी "वेस्ट विंडसरला ना..." एवढं म्हणेपर्यंत साडू जिन्याखाली पोचलेले असत. संध्याकाळी "त्या जागेचं..." म्हणालो की ते थर्मामीटर पाहायला अंगणात. एकदा न्हाणीघराच्या दाराबाहेर उभा राहून मी पगार, सुट्ट्या, घराच्या किमती असं सगळं खणखणीत आवाजात सांगितलं आणि आत पाहिलं तर साडू नव्हते, नळाखाली एक इंधनाची गाळणी भिजत ठेवलेली. शेवटी शुक्रवारी मी त्यांच्या ट्रकमध्येच चढून बसलो. गावातल्या एका रस्त्याखाली पाण्याची लाइन फुटली होती आणि ती उकरायला ते निघाले होते. ट्रकला दारं असतात आणि चालत्या ट्रकमधून माणूस उठून जाऊ शकत नाही, असा माझा हिशेब. साडूंनी वाटेत दर मैलाला गाडी थांबवून इंजिनाला गार वारा लागू नये म्हणून पुढच्या जाळीसमोर लावलेला पुठ्ठा सारखा केला.

त्या जागी उतरलो आणि मला मिशा आहेत हे पहिल्यांदा जाणवलं, कारण त्या कडक झाल्या होत्या. अंगावर साडूंचे दोन कोट, डोक्याला मेहुणीची शाल. फुटलेल्या पाण्याचा रस्ताभर बर्फ झाला होता आणि आजूबाजूच्या घरांतली माणसं खिडकीतून बघत होती. अर्नी खोदकामाच्या यंत्रावर होता. जमीन इतकी टणक की यंत्राचा दात आपटला की सिमेंटवर घण मारल्यासारखा आवाज यायचा. साडू यंत्राभोवती घिरट्या घालत होते, मी त्यांच्यामागे. "शाळेत मराठी शिकवायलाही बायका हव्या आहेत तिकडे, मेहुणीला आवडेल," मी ओरडलो. "तेल दाटतंय," साडू म्हणाले. ते कुणाशी बोलले कळलं नाही. मग दुपारी पालिकेचा माणूस आला, इंजिनाच्या आवाजात त्याचं बोलणं ऐकू येईना, म्हणून अर्नीने इंजिन बंद केलं. अगदी थोडा वेळ. बोलणं संपलं आणि यंत्र काही केल्या सुरू होईना.

साडू अर्नीवर रागावले नाहीत. त्यांनी स्वतःचा कोट काढून गाळणीवर घातला, मग माझा एक काढला. थर्मासमध्ये आल्याचा चहा होता, तो सगळा त्यांनी इंधनाच्या गाळणीवर ओतला. मला घोटभरही मिळाला नाही, आणि अर्नी त्या वाफेकडे ज्या नजरेने पाहत होता त्यावरून त्यालाही तो हवा होता. गाळणी थोडी सैलावली आणि पुन्हा गार पडली. ट्रकमधल्या वायरलेसवरून साडूंनी यार्डाला हाक मारली, गरम पाणी आणि चादरी पाठवा म्हणून. यार्डातून उत्तर आलं की सगळी माणसं लांबच्या दुसऱ्या कामावर आहेत, तास-दीड तास लागेल. तोवर संध्याकाळ झाली असती आणि त्या ओळीतली सगळी घरं रात्रभर पाण्यावाचून राहिली असती. साडू ट्रकपासून यंत्रापर्यंत आणि यंत्रापासून ट्रकपर्यंत नुसते चालत राहिले.

मग वळणावरून एक जुनी स्टेशन वॅगन हळूहळू येताना दिसली. मेहुणी होती. स्वयंपाकघरातल्या त्या खोक्यातून तिने सगळं ऐकलं होतं आणि कुणी न सांगता घरातली यच्चयावत पातेली, किटल्या, थर्मास भरून, बर्फाच्या निसरड्या रस्त्यावरून एकटी गाडी चालवत आली होती. मागच्या सीटवर माझ्या पलंगावरची गोधडी. "भाऊजी, तुम्हाला रात्री दुसरं काहीतरी देईन," ती म्हणाली आणि गोधडी सरळ अर्नीच्या हातात दिली. गाळणी आणि नळ्या गोधडीत गुंडाळून त्यावर साडूंनी एकेक किटली रिकामी केली, नवी गाळणी बसवली, केरोसीन मिसळलेलं डिझेल घातलं. यंत्र आधी खोकलं, मग काळा धूर सोडून सुरू झालं. अर्नीने टोपी काढून मेहुणीला वाकून नमस्कार केला, अगदी दोन्ही हात जोडून. हे त्याला कुणी शिकवलं होतं देव जाणे. रिकामी पातेली गाडीत भरता भरता मेहुणीच्या हातमोज्याला बर्फ चिकटला तो ती झटकत राहिली. तिचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं. दिवसभरात तिच्या वाट्याला आलेलं माणसांचं बोलणं म्हणजे त्या खोक्यातल्या हाका, एवढंच.

लाइन अंधार पडायच्या सुमारास जोडून झाली. यंत्र पाटावर चढलं. परतताना ट्रकमध्ये मी नोकरीचा विषय काढला नाही, त्या दिवशी पहिल्यांदाच. साडूंनी वाटेत एकदाही गाडी थांबवली नाही. समोर मेहुणीच्या गाडीचे मागचे लाल दिवे दिसत होते आणि ते त्यांच्याकडे पाहत चालवत होते.

"साडभाऊ," ते म्हणाले, "तुमच्या ऑफिसला हो म्हणून कळवून टाका."

"नक्की?"

"यंत्रांना माझ्यावाचून दुसरा कुणीतरी मिळेल. अर्नीला सगळं येतं." मग त्यांनी पुढच्या लाल दिव्यांकडे बोट केलं. "हिला त्या खोक्यातून माझी हाक ऐकू आली की ही धावत येते. हिने हाक मारली असती तर मला ती कुठून ऐकू येणार होती? यंत्राशेजारी काही ऐकू येतं का?"

मी जिंकून परत येत होतो, पण मला आनंद झाला नाही.

वसंत ऋतूत ते वेस्ट विंडसरला आले. साडू आता टाय लावून ऑफिसात जातात, यंत्रं कागदावर पाहतात. इकडची थंडी त्यांच्या खिजगणतीत नाही. बर्फ पडला तरी ते पातळ जाकिटात फिरतात. मेहुणी शनिवारी मराठी शिकवते, भिशी चालवते आणि तिच्याकडे फोन केला तर तो नेहमी एंगेज असतो. नवीन ओळखीचे लोक मला म्हणतात, "तुमचे साडू फार शांत गृहस्थ आहेत हो." मी मान डोलावतो.

मागच्या शनिवारी आमच्याकडेच पंगत होती. जेवणं झाली, पुरुषमंडळी दिवाणखान्यात राजकारणावर तावातावाने बोलत होती आणि साडू स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुर्चीत बसून होते. हात मांडीवर, नजर कुठेच नाही. मला ते बघवेना. मी जवळ जाऊन विचारलं, "कंटाळलात का? जरा चक्कर मारून येऊ या बाहेर?"

त्यांनी मला हाताने थांबवलं. आत बायकांचा गलका चालला होता, कुणीतरी काहीतरी सांगत होतं आणि मेहुणी खदखदून हसत होती.

"ही हसतेय," ते म्हणाले. "तिकडे हसत नव्हती हो."

मी त्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढली आणि बसलो.