मनगटातली कंडरा

आमच्या शरीररचनाशास्त्राच्या सरांनी ज्याचा हात धरला नाही असा माणूस पिंपरीपासून चाकणपर्यंत मला अजून भेटायचाय. नमस्कार राहायचा बाजूला, सर समोरच्याचा हात ओढून घेत आणि म्हणत, "अंगठा करंगळीला टेकवा. आता मनगट वाकवा." मग मनगटाच्या मधोमध एक बारीक कंडरा दोरीसारखी वर येते. काहींना ती जन्मतःच नसते. तिच्यावाचून कष्टकऱ्यांच्या पकडीचं काही अडतं का, हे सरांचं वर्षानुवर्षांचं संशोधन. निबंध मात्र कधीच छापायला गेला नाही. "अजून थोडे हात हवेत," एवढंच ते म्हणत.

शिफ्ट सुटताना ते कंपन्यांच्या गेटवर रजिस्टर घेऊन उभे राहत. गॅरेजवाल्या चाचांचे ग्रीसने माखलेले हात स्वतःच्या रुमालाने पुसून तपासत. लोकांना वाटे, ज्योतिषी आहेत. "साहब, दुसरा गॅरेज कब होगा?" चाचा विचारत. सर भडकत, "मी भविष्य सांगत नाही! मी शास्त्राचा माणूस आहे!" तळवड्यात तर एकाने साखरपुड्याआधी होणारा जावईच त्यांच्यापुढे उभा केला. सरांनी त्याच्या दोन्ही मनगटांची नोंद केली, चहा घेतला आणि निघून आले.

पहिल्या वर्षी मी नेमकी त्यांच्याच विषयात नापास झाले. सांगायला संकोच वाटतो, पण आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि सोडून द्यायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. सरांनी वडिलांना बोलावलं. ते चाकणहून पहिली शिफ्ट करून, कंपनीच्या कपड्यांतच आले. सरांनी सवयीने त्यांचा हात धरला, तसे वडील एकदम गंभीर झाले. "सर, पोरगी डाक्टर व्हईल का? न्हाई म्हनू नका."

आता सर भडकणार, म्हणून मी मान खाली घातली. पण सरांनी ते मनगट वाकवून पाहिलं, मग दुसरंही तपासलं. मग म्हणाले, "होईल. स्पष्ट दिसतंय."

फेरपरीक्षेत मी पास झाले, तोवर सर निवृत्त होऊन दूर लेकीकडे गेले होते. जुना नंबर लागत नाही. रजिस्टर विभागातच आहे. वडिलांच्या ओळीत लिहिलंय, "प्रेस ऑपरेटर. उजवी नाही, डावी नाही. पकड उत्तम." आणि शेऱ्याच्या रकान्यात, पेन्सिलीने, "मुलगी डॉक्टर होईल. पडताळणी बाकी."

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. बसमध्ये दांडा धरलेलं मनगट दिसलं की नजर तिथेच जाते. त्या शेऱ्यापुढे मला स्वतःला काही लिहवत नाही. तिथे सरांचंच अक्षर हवं.