तिसऱ्या मजल्याची वॉर्डन

अमेरिकेत रेडमंडच्या सॉफ्टवेअर कंपनीने लेऑफ केल्यावर नीलांबरीने जवळच्याच एका सरकारी खात्यात नोकरी धरली. "पगार कमी, पण सेफ आहे यार," नवरा शंतनू म्हणाला.

एके दिवशी ती डेंटिस्टकडे गेली असताना खात्यात सेफ्टीची मीटिंग झाली. जो मीटिंगला नसतो, त्याच्याबद्दल एकमत लवकर होतं. परत आली तर ती तिसऱ्या मजल्याची सेफ्टी वॉर्डन झाली होती.

बाईंनी ते मनावर घेतलं. लंचरूमच्या छताला पावसाच्या गळतीने फुगवटा आलेला तिला दिसला. ती डायरेक्टर ग्रेगकडे गेली.

"ग्रेट कॅच! सेफ्टी ही आपली सगळ्यांची जबाबदारी आहे," ग्रेग म्हणाला.

"मग दुरुस्ती कोण करणार?"

"ते बिल्डिंगवाल्या खात्याचं काम."

बिल्डिंगवाले म्हणाले, इमारत भाड्याची आहे, मालकाला विचारा. मालक म्हणाला, तुमच्या डायरेक्टरनेच सांगायला हवं. ती पुन्हा ग्रेगसमोर.

"कोणाला लागलं का?"

"अजून नाही."

"मग आपलं रेकॉर्ड क्लीन आहे," तो समाधानाने म्हणाला.

नीलांबरीने फुगवट्याखालची टेबलं हलवून भोवती पिवळी टेप लावली. टेपला अडखळून कोणी पडेल, अशी तक्रार आली आणि टेप त्याच दुपारी निघाली. एवढं चपळ काम त्या खात्यात तिने प्रथमच पाहिलं.

नोव्हेंबरात पावसाने ठाण मांडलं. एका सकाळी लंचरूममध्ये कोणाच्या तरी निरोपाचा केक होता. सगळे जमले होते आणि छतातल्या दिव्यातून पाणी ठिबकत होतं.

"प्लीज, बाहेर चला," नीलांबरी म्हणाली.

"केक कापून होऊ दे," ग्रेग म्हणाला.

वॉर्डनला पैसे खर्च करता येत नव्हते, छताला हात लावता येत नव्हता, टेपही लावता येत नव्हती. हक्क एकच होता, इमारत रिकामी करायचा. तिने भिंतीवरचा आगीचा अलार्म ओढला.

अख्खं खातं पावसात उभं राहिलं. ग्रेगच्या हातात केकची सुरी तशीच होती. अग्निशमन दलाची अधिकारी आत जाऊन आली आणि तिने विचारलं, "अलार्म कोणी ओढला?"

ग्रेगने तत्परतेने बोट दाखवलं. "हिने. ही हिचीच जबाबदारी आहे."

"बरं केलं. ते छत कधीही खाली आलं असतं," अधिकारी म्हणाली आणि तिने मजल्याला टाळं लावलं. डायरेक्टरलाच बसायला जागा उरली नाही, तेव्हा आठवड्याच्या आत छत नवं झालं.

वर्षअखेरीला 'सुरक्षेतील नेतृत्वा'चा पुरस्कार ग्रेगला मिळाला. नीलांबरीला अनावश्यक अलार्म कसा टाळावा, याचं ट्रेनिंग लागलं.

"चिडली नाहीस?" शंतनूने विचारलं.

"चिडले ना. पण जावं तर लागणारच."

ट्रेनिंगच्या हॉलमध्ये आगीच्या वेळी बाहेर पडायच्या मागच्या दारासमोर खुर्च्यांची चळत होती. तिने हात वर केला.

"प्रश्न शेवटी घेऊ," ट्रेनर म्हणाला.

नीलांबरी उठली आणि एकेक खुर्ची बाजूला करू लागली. थोड्या वेळाने शेजारच्या रांगेतली एक अनोळखी बाई उठली आणि तिने चळतीतली पुढची खुर्ची उचलली.