कुंपणात गेलेली वाट

मी शाळेत होते तेव्हा आमच्या घरात एकच छत्री होती, आणि ती बाबांची. आई डोंगरातून लाकडाची मोळी आणून दहिवलीला दारोदार विकायची. उन्हाळ्यात करवंदं, पावसात रानभाजी. मी खताच्या गोणीची खोळ डोक्यावर घेऊन शाळेत जायची. वाडीतून ओहोळ उतरून, माळावरून थेट कळंबच्या रस्त्याला लागणारी पायवाट होती. त्या वाटेने मी दहावी झाले, मग कर्जतला कॉलेज केलं. वाडीतली पहिली ग्रॅज्युएट मी. हे सांगताना मी मान खाली घालत नाही.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला माळ विकला गेला. तिथे रिसॉर्ट झालं आणि वाट कुंपणात गेली. शाळेला जायचं तर डांबरी रस्त्याने मोठा वळसा. मुलगे कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जायचे. मुली हळूहळू घरी राहिल्या. शेजारच्या काकीची मुलगी आठवी सोडून बकऱ्यांमागे जाऊ लागली.

हापशीवर सगळ्या बायका म्हणायच्या, वाट उघडली पाहिजे. त्यांच्या भरवशावर मी ग्रामसभेत उभी राहिले. म्हटलं, वाट पिढ्यांची आहे, मुलींच्या शाळेसाठी ती मोकळी करा.

मागून एक जण म्हणाला, "हेलिकॉप्टर मागव ना गं, शिकलेली हायेस."

सगळे हसले. मी बायकांकडे पाहिलं. एकीचाही हात वर आला नाही. काकी रिसॉर्टमध्ये भांडी घासायची, काका तिथेच माळी. बाहेर तिने मला गाठलं.

"तुजं कालेज झालं गं. आमची चूल तिथल्या पगारावर हाय."

एवढं बोलून ती रिसॉर्टच्या रस्त्याला लागली.

आमच्याकडे भाताच्या लावणीला मजूर नसतात. आज सगळ्या तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. त्या वर्षी आमच्या खाचरात कोणी आलं नाही. आई दुसऱ्यांच्या बांधावर गेली तर तिला सांगत, माणसं पुरी हायेत. बाबा तोवर राहिले नव्हते; आम्ही दोघींनीच लावलं. पलीकडच्या खाचरातलं हसणं-खिदळणं ऐकू यायचं. आमची लावणी संपेपर्यंत उरलेली रोपं पिवळी पडली.

मग एक दिवस काकीची मुलगीच दारात आली. मला शाळेत सोडशील का, म्हणाली. काका म्हणाले, जाऊ दे, चार दिवसांत दमेल. ती दमली नाही. तिच्यामागून आणखी मुली आल्या. मी त्यांना रोज रस्त्याने पोचवायची आणि आणायची. सकाळी जाताना सोबत असायची, त्यांना सोडून परतताना मी एकटी.

एका शनिवारी शाळा सुटून येत होतो. रिसॉर्टच्या फाटकाशी प्यायलेले पाहुणे गाडीला टेकून उभे होते. मुलींना म्हणाले, बसा, सोडतो. एकाने फोटो काढायला मोबाईल पुढे धरला. कुंपणाआड काकी भांडी घासत होती. आपली मुलगी दिसली तसे तिचे हात थांबले. मी मुलींना पुढे घालून चालत राहिले. काकीने माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या ग्रामसभेत मी पुन्हा तेच बोलले. मी बसायच्या आत काकी उठली.

"वाट पायजे. पगार गेला तं जाईल."

या वेळी कोणी हसलं नाही. तिच्यामागून दुसरी उठली, मग बाकीच्या. सभेने ठराव केला, दिवाळीनंतर कुंपण आत सरकलं आणि वाट मोकळी झाली. काकीचं काम गेलं, तिच्यामागून उठलेल्या आणखी काहींचंही. काकी आता कळंबच्या पुढे मोलाने कामाला जाते. माझ्याशी बोलत नाही. मी हापशीवर गेले की गप्पा थांबतात, आणि लावणी अजून मी आणि आई दोघीच करतो.

पण आमच्या वाडीतली एकही मुलगी आज शाळा सोडून घरी नाही. काकीची मुलगी यंदा दहावी पास झाली.